दुकान खाली, घर वर आणि राउटर एकच

लक्ष्मीपुरीतील धान्याची पेढी असो, गुजरीतील सराफी दुकान असो वा शाहूपुरीतील गुळाची अडत असो. खाली व्यापार आणि वर संसार ही रीत आपल्या अनेक कुटुंबांत अजून टिकून आहे. दोहोंना जोडणारा जिना जसा एक, तसे आता इंटरनेटही एकच. जीएसटीची विवरणपत्रे, पन्नास हजारांवरील मालाचे ई-वे बिल, पाच कोटींवरील उलाढालीस १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झालेले ई-इनव्हॉइस, बँकेचे व्यवहार आणि वरच्या मजल्यावरील मुलांचा अभ्यास, हे सारे ज्या लहानशा पेटीतून जाते ती म्हणजे राउटर. ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नाही.

बंद पडल्यावर प्रथम ठरवावे ते हे की, दोष तारेत आहे, पेटीत आहे की लहरीत. फायबरची जोडणी असेल तर पेटीवरील दिवेच पुष्कळ सांगतात. ‘एल-ओ-एस’ हा दिवा तांबडा झाला, तर तारेतील प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. पावसाळ्यात फांदी पडून तार तुटलेली असते, किंवा कपाट सरकवताना ती मागे दुमडली जाते; ती काचेची असते, दोरीसारखी वाकत नाही. अशा वेळी पेटीशी खटपट व्यर्थ होय, सेवा देणाऱ्यास कळवावे. तारेने जोडलेल्या संगणकावर इंटरनेट चालते पण मोबाईलवर नाही, तर दोष बहुधा लहरीत. जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झची वेगवान लहर लवकर थकते, २.४ ची लहर संथ असली तरी भिंतीपलीकडे अधिक पोचते. म्हणून राउटर लोखंडी तिजोरीमागे वा मीटरच्या कपाटात न ठेवता मोकळ्या, उंच जागी ठेवावा. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही याच २.४ च्या पट्ट्यात गोंधळ घालतो.

पेटीच अडकली असेल तर ती बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावी. मात्र ‘रीस्टार्ट’ आणि ‘रीसेट’ यांत फार अंतर आहे. पहिले म्हणजे दुकानाची फळी लावून पुन्हा उघडणे, दुसरे म्हणजे खतावणी जाळून टाकणे. मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली की राउटरमधील सर्व नोंदी पुसल्या जातात. अनेक जोडण्यांत त्यांमध्ये सेवा देणाऱ्याने दिलेले नाव व पासवर्डही असतो, आणि माणूस येऊन ते पुन्हा भरेपर्यंत बिले थांबतात. हे तपशील आधीच वहीत लिहून ठेवावेत. ती वही तिजोरीत असावी, राउटरवर चिकटवलेली नसावी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

याहून मोठी जोखीम बंद न पडणाऱ्या राउटरची असते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. कुलूप फोडावे लागलेच नाही; कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड कोणी बदललेलेच नव्हते. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५४ देशांतील किमान पाच लाख उपकरणे बाधित केल्याचे उघड झाले, आणि अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना राउटर बंद करून पुन्हा सुरू करा असे आवाहन करावे लागले. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सोपे, सर्वांना सारखे मूळ पासवर्ड कायद्यानेच बंद केले. आपल्याकडे हे काम तूर्त घरातील कोणीतरी करायचे आहे.

व्यापाऱ्याला धोका कसा पोचतो? संगणकाला बँकेचे नाव कळत नाही, आकडी पत्ता लागतो. तो सांगणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. राउटरमधील ही नोंद कोणी बदलली, तर बँकेचे नाव बरोबर टाकूनही आपण भलत्याच दारात उभे राहू शकतो. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अवैध असल्याची सूचना आली तर ‘पुढे चला’ दाबू नये. तेच पान मोबाईलच्या इंटरनेटवर नीट उघडते आणि घरच्या वायफायवर वेगळे दिसते, तर राउटरची तपासणी करवून घ्यावी.

राउटरच्या मागील चिठ्ठीवर त्याचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ सारखा. तो ब्राउझरमध्ये टाकून एकदा आत जावे. व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा, डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडावे, डब्ल्यूपीएस बंद करावे आणि फर्मवेअर अद्ययावत करावे. उत्पादकाने अद्ययावत करणेच थांबवले असेल, तर तो राउटर चालत असला तरी बदललेला बरा. पर्युषणात घर पाहुण्यांनी भरते आणि प्रत्येक जण पासवर्ड विचारतो. नाही म्हणणे आपल्या रीतीत बसत नाही. त्यासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय बहुतेक नव्या राउटरांत असते. पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण हिशेबाचा संगणक आणि प्रिंटर त्यांच्यापासून वेगळे राहतात. गिऱ्हाइकांनाही तेच द्यावे.

राहिली पावसाची गोष्ट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि सखल भागातील तळमजले पाण्यात गेले. तेव्हा पेटी वरच्या मजल्यावर असावी आणि खाली केवळ तार न्यावी. वीज गेली तरी अनेक फायबर जोडण्यांत वाटेत वीज लागत नाही; पुरवठादाराकडे वीज असेल आणि आपल्या पेटीस मिळाली, तर काम चालते. राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस त्याकरिता पुरतो. घेताना त्याचे व्होल्ट राउटरच्या अॅडॉप्टरवर छापलेल्या आकड्याशी जुळवून पाहावेत; बहुधा ते १२ असतात, काहींत ९.