व्हेंचुरी वाफ ओढत नाही

बीडहून धाराशिव-सोलापूरकडे निघालेला रस्ता मांजरसुंब्याला केज-अंबाजोगाईच्या रस्त्याला मिळतो. गाळप हंगामात या चौकातून उसाची वाहने ये-जा करत असतात आणि कारखान्याची भाषा परिसराच्या ओळखीची झाली आहे. त्या भाषेत एक समज पक्का बसला आहे: कंडेन्सरमधली व्हेंचुरी साखरेचा पाक उकळणाऱ्या व्हॅक्यूम पॅनमधली वाफ ओढून घेते, म्हणून व्हॅक्यूम तयार होतो. त्यामागोमाग सल्लाही येतो. व्हॅक्यूम पडला? मोठा पंप बसवा.

हा समज कुठून आला, ते उघड आहे. ठिबकवरची व्हेंचुरी इथल्या शेतकऱ्याने हाताळलेली असते. अरुंद गळ्यातून जाताना पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि बादलीतले विद्राव्य खत नळीतून वर खेचले जाते. कारखान्याच्या मल्टिजेट कंडेन्सरलाही खाली तसाच गळा असतो, त्याखाली लांब टेलपाइप असतो. मग तिथेही तेच घडत असणार, असे वाटते. पण खताचे द्रावण गळ्यात शिरले तरी जेवढे होते तेवढेच राहते. वाफ तशी राहत नाही.

थोडा हिशेब करू. व्हॅक्यूम पॅनमधून साधारण 54 अंश सेल्सिअसला निघालेली एक किलो वाफ सुमारे 10 हजार लिटर जागा व्यापते. हा आकडा कोणत्याही स्टीम टेबलमध्ये सापडतो. थंड पाण्याच्या फवाऱ्यात तिचे पाणी झाले की उरतो एक लिटर. ही रिकामी झालेली जागा म्हणजेच व्हॅक्यूम. एक किलो वाफ थंड करायला, पाणी 15 अंशांनी तापू दिले, तर सुमारे 38 लिटर पाणी लागते. आता वाफ थंडच होत नाही, नुसती ओढली जाते असे धरा. मग या 38 लिटर पाण्याला स्वतःच्या अडीचशे पटींहून जास्त आकारमान फरपटत न्यावे लागेल. पाण्याचा कोणताही झोत हे करू शकत नाही.

इतिहासही हेच सांगतो. थॉमस न्यूकमेनने 1712 मध्ये सिलिंडरमधल्या वाफेवर थंड पाणी फवारून व्हॅक्यूम मिळवला आणि त्यावर खाणीतले पाणी उपसणारे इंजिन चालवले. जोव्हान्नी व्हेंचुरीने अरुंद गळ्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले ते 1797 मध्ये, म्हणजे तब्बल 85 वर्षांनी!

मग तो गळा हवाच कशाला? हवेसाठी. पॅनच्या सांध्यांतून हवा आत शिरते, रसातून वायू सुटतात, फवाऱ्याच्या पाण्यातही हवा विरघळलेली असते. ही हवा थंड होऊन पाणी बनत नाही. ती साचत जाते आणि व्हॅक्यूम पाडते. तिला बाहेर काढणे हे झोताचे आणि गळ्याचे काम. ई. ह्यूगो यांच्या ऊस-साखर अभियांत्रिकीवरच्या ग्रंथातही वाफ थंड करणे आणि हवा काढणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या म्हणून मांडल्या आहेत. मल्टिजेटमध्ये दोन्ही एकाच भांड्यात होतात, म्हणून गल्लत होते.

ही गल्लत महाग पडते. 500 मीटर उंचीवर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे 716 मिलिमीटर असतो. तिथे व्हॅक्यूम गेज 600 मिलिमीटर दाखवत असेल, तर आत 116 मिलिमीटर दाब उरला आहे आणि त्या दाबाला वाफेचे तापमान 55 अंशांच्या आसपास असते. आता टेलपाइपमधून पडणाऱ्या पाण्याला थर्मामीटर लावा. पाणी 51-52 अंशांवर असेल, तर थंड पाणी कमी पडते आहे किंवा पाणी फवारून थंड करणाऱ्या तळ्याचे, म्हणजे स्प्रे पाँडचे, पाणीच गरम आहे. ते 42-43 अंशांवरच असेल, तर आत हवा साचली आहे किंवा नोझल चोंदून फवारा नीट पसरत नाही. अशा वेळी मोठा पंप बसवला, तरी गळका सांधा गळकाच राहतो आणि विजेचे बिल मात्र वाढते. एका थर्मामीटरने होणारी ही तपासणी टाळून लाखोंच्या पंपाची मागणी होते, तेव्हा खरोखर वाईट वाटते.

आणखी काही समज:

आमच्या गेजवर किनाऱ्यावरच्या कारखान्याइतका आकडा येत नाही, म्हणजे मशीन खराब. नाही, 500 मीटर उंचीवर बाहेरचा दाबच सुमारे 45 मिलिमीटरने कमी असतो.

कंडेन्सर उंचावर बसवतात तो पाण्याला वेग यावा म्हणून. मुख्य कारण वेगळे आहे: व्हॅक्यूम सुमारे 10 मीटरपर्यंत पाणी वर चढवू शकतो, ते पॅनमध्ये शिरू नये.

कंडेन्सरचे पाणी बॉयलरला जाते. जात नाही, त्यात पाँडचे पाणी मिसळलेले असते आणि साखरेचा अंश येऊ शकतो.

परळीच्या औष्णिक केंद्रातही हाच कंडेन्सर आहे. नाही, तिथे वाफ नळ्यांबाहेर थंड होते आणि थंड करणाऱ्या पाण्यात मिसळत नाही, कारण वाफेचे झालेले शुद्ध पाणी बॉयलरला परत द्यायचे असते.

स्प्रे पाँडवर उडणारे सगळे पाणी धरणातून आणलेले असते. नाही, तेच पाणी फिरत राहते आणि त्यात उसातले पाणी येऊन मिळते, कारण उसाच्या वजनाचा सुमारे 70 टक्के भाग पाणीच असतो. दुष्काळी बीडमध्ये उसाच्या पाण्यावर वाद जरूर व्हावा, पण तो शेतातल्या सिंचनावर व्हावा. उसाचे बहुतेक पाणी तिथेच खर्च होते.