भुलेची सुई आणि चुकलेली वाट

जुन्या हुबळीतील एखाद्या घरी शस्त्रक्रियेचा प्रसंग आला म्हणजे माणसांना धास्ती वाटते ती सुरीची. भुलेची सुई त्यांच्या लेखी किरकोळ असते. कोपराच्या खळगीत ती टोचली की काही क्षणांत रोग्याचा डोळा लागतो. बहुधा घडतेही तसेच. परंतु त्या खळगीत नीला आणि रोहिणी अगदी शेजारी असतात. काही माणसांत तर रोहिणी कातडीलगतच असते. औषध नीलेऐवजी रोहिणीत गेले तर?

१९३४ पासून वापरात आलेल्या थायोपेंटोनचे द्रावण अत्यंत अल्कधर्मी असते. नीलेत गेलेले औषध, ओढा नदीला मिळावा तसे, मोठमोठ्या प्रवाहांत मिसळून विरळ होते. रोहिणीची रीत उलटी. मलप्रभेच्या कालव्याचे पाणी चाऱ्यांत वाटले जावे, तसे तिचे रक्त अधिकाधिक अरुंद वाटांनी बोटांपर्यंत जाते. रक्तात द्रावणाची अल्कता उतरते, औषधाचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. वाहिनीचे अस्तर दुखावते, ती आकसते, रक्त गोठते. चारी गाळाने बुजली की टोकाचे शेत वाळते. त्याचप्रमाणे पोषण तुटलेली बोटे काळी पडून सडू लागतात. क्वचित ती कापावीही लागतात.

या अपघाताची पहिली खूण म्हणजे सुईपासून बोटांकडे धावणारी भयंकर आग. पाठोपाठ हात पांढरा पडतो. मनगटाची नाडी मंदावते किंवा लोपते. अशा वेळी औषध तत्काळ थांबवतात, पण सुई काढत नाहीत. त्याच वाटेने वाहिनी सैल करणारे औषध देता येते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात, आणि हाताच्या मज्जातंतूंना बधिर करून वाहिन्या रुंदावतात.

टाळण्याचे उपाय मात्र साधे आहेत. टोचण्यापूर्वी बोटाने चाचपून ठोका लागतो का ते पाहावे. शक्यतो हाताच्या पाठीवरील शीर निवडावी. पाच टक्क्यांऐवजी अडीच टक्क्यांचे द्रावण घ्यावे. प्रथम थोडेसे देऊन थांबावे आणि रोग्याला विचारावे. पुढे आलेले प्रोपोफॉल रोहिणीत गेल्यास वेदना होतात, तरी कायमची हानी सहसा होत नाही. म्हणून सावधगिरी मात्र सैल करू नये.

पुष्कळ रोगी डॉक्टरांपुढे निमूट सोसण्यालाच धैर्य समजतात. येथे ते मौन घातक ठरते. भूल पूर्ण चढण्यापूर्वी रोग्याने उच्चारलेला ‘हात जळतो’ एवढाच शब्द त्याची बोटे वाचवू शकतो.