डोंगराची माती कुठे जाते?

पावसाळ्यात पाचाडच्या ओढ्याचे पाणी कसे दिसते? तांबडे, गढूळ. आभाळातून पडले तेव्हा ते निर्मळ होते. डोंगर उतरताना त्याने माती बरोबर घेतली. ही माती जाते कुठे? चला, तिच्या मागोमाग जाऊ या.

आपला सह्याद्री काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तापलेला रस बाहेर आला. त्याचे थर एकावर एक बसले आणि निवाले. रायगडच्या कड्यात ते थर आजही दिसतात. तेव्हा रायगड असा सुटा डोंगर नव्हता. आजूबाजूचा खडक पाण्याने कोरून नेला. एका अंगाला गांधारी, दुसऱ्या अंगाला काळ नदी. मधे उरला तो हा डोंगर. महाराजांनी त्यावर गड बांधला. पण कडे तासले ते पाण्याने!

पाणी तर मऊ. मग ते दगड कसे फोडते? ऊन-पावसाने खडकाला भेगा पडतात. भेगेत पाणी शिरते, झाडांची मुळे शिरतात. दगड सुटतो. पुरात दगडावर दगड घासतो. म्हणून तर नदीतला गोटा गुळगुळीत असतो.

गांधारी महाडजवळ सावित्रीला मिळते. काळही पुढे सावित्रीलाच जाते. सावित्री येते महाबळेश्वराहून. पोलादपूर, महाड करीत ती बाणकोटच्या खाडीतून समुद्रात जाते. उतारावर ती मोठे गोटेही लोटते. सपाटीला आली की तिचा जोर कमी होतो. मग ती ओझे खाली ठेवते. आधी गोटे, मग वाळू, शेवटी बारीक गाळ. नदीकाठची भातखाचरे या गाळावरच पिकतात.

समुद्राचेही तसेच. हरिहरेश्वरला लाटांनी कातळ पोखरला आहे. श्रीवर्धनला लाटांनीच वाळू आणून पसरली आहे. एकीकडे मोडायचे, दुसरीकडे मांडायचे.

भरतीला समुद्राचे पाणी खाडीतून वर चढते. त्याच वेळी नदीला पूर आला तर पाणी तुंबते. नदीत गाळ साचला असेल, तर ते लवकर गावात शिरते. महाडकरांना हे सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले. त्याच वेळी, २२ जुलैला, तळिये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे गेली.

दरड का कोसळते? मुसळधार पावसात माती भिजून जड होते. खालच्या कातळावरून ती घसरते. जमिनीला नवी भेग पडली, झाडे किंवा खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर थांबू नका. मुलेमाणसे घेऊन लगेच दूर जा. शेजाऱ्यांना आणि सरपंचांना कळवा.

पाण्याचे काम कुणी थांबवू शकत नाही. पण त्याचा वेग कमी करता येतो. वरकस जमिनीवर आडवे बांध घाला. उतारावरची झाडे राखा. घरासाठी डोंगराचा पायथा खणू नका. आपल्या शेताची माती आपल्याच शेतात राहू द्या.