प्रवेशानंतरचे पहिले चार महिने

बारावीचा निकाल लागला, गुणपत्रक हातीं आलें आणि महाविद्यालयांत नांव दाखल झालें, म्हणजे घरच्या माणसांना वाटतें कीं मुलाची मुख्य अडचण संपली. शहरांतील कुटुंबांच्या बाबतींत तें बहुधा खरेंही असतें. मुलगा सकाळीं घरून जेवून निघतो व सायंकाळीं घरीं परततो. एकादा कागद कमी पडला, तर वडील कामावरून येतांना तो घेऊन येतात. परंतु बीड, नंदुरबार किंवा गडचिरोली जिल्ह्यांतील खेड्यांतून पुण्यास वा मुंबईस आलेल्या मुलाच्या अडचणींना त्याच दिवशीं आरंभ होतो. पुढील चार महिने अभ्यासाखेरीज त्याला आणखी दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक कचेरीच्या खिडकीवरची आणि दुसरी पोटाची. या दोन परीक्षांत मागें पडून गांवीं परतलेल्या मुलाचें नांव नापासांच्या यादींत कोठेंच सांपडत नाहीं.

प्रथम कचेरीचा विचार करावा. प्रवेशासाठीं शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रक तर लागतेंच. विद्यार्थी दुसऱ्या मंडळाकडून आलेला असेल तर स्थलांतराचें प्रमाणपत्र, मध्यें एक वर्ष गेलें असेल तर त्याविषयींचें प्रतिज्ञापत्र, शिवाय महाराष्ट्रांतील अधिवासाचा दाखला, हीं त्यांत मिळतात. फीची सवलत हवी असल्यास तहसील कचेरींतून वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो. आरक्षित जागेसाठीं प्रांताधिकाऱ्यांचा जातीचा दाखला, इतर मागास वर्गाच्या मुलांना नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, आणि या सर्वांवर कळस म्हणजे जात पडताळणी समितीचें वैधता प्रमाणपत्र. प्रत्येक कागदाची कचेरी निराळी, खिडकी निराळी आणि मुदतही निराळी. अधिवासाचा दाखला एकदां काढला कीं पुरतो. उत्पन्नाचा दाखला मात्र पुन्हा पुन्हा नवा काढावा लागतो.

यांतील वैधता प्रमाणपत्राची अडचण शहरांतील पुष्कळ घरांना ठाऊक नसते. अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या अर्जदाराकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा आणि इतर मागास वर्गीयाकडे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा मागितला जातो. असा पुरावा म्हणजे बहुधा आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला. ज्या घराण्यांत शाळेची पायरी चढणारा पहिला माणूस म्हणजे हा मुलगाच, त्यानें पणजोबांचा दाखला कोठून आणावा? मग जन्ममृत्यूच्या नोंदवह्या व महसुलाचे जुने कागद चाळण्यासाठीं बाप मजुरीचा दिवस बुडवून तालुक्याच्या गांवीं हेलपाटे घालतो. खोटे दाखले दाखवून दुसऱ्याची जागा बळकावणारेही असतात, म्हणून पडताळणी हवी, हें कोणीही नाकारणार नाहीं. पण तिचा भार कोणावर पडतो, तें विसरतां येत नाहीं. ज्यांच्या पूर्वजांना शाळेबाहेर ठेवलें गेलें, त्यांच्याचकडे शाळेचा जुना कागद मागितला जातो.

आतां पैशाकडे वळूं जातां असें दिसतें कीं सरकारच्या योजना कमी नाहींत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे. शासकीय वसतिगृहें आहेत. ज्यांना त्या वसतिगृहांत जागा मिळत नाहीं अशा अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवाची स्वाधार योजना आहे. या योजनेंत मुंबई-पुण्यासारख्या शहरीं राहणाऱ्यास भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये ठरविण्यांत आले. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवानें वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४ सालीं राज्य शासनानें, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय केला. हें सर्व स्वागतार्ह आहे.

परंतु या साहाय्याचा मार्ग कसा आहे तें पाहावें. आधीं प्रवेश, मग महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज, मग महाविद्यालयाची छाननी, नंतर जिल्ह्याच्या कचेरीची मंजुरी, आणि अखेर आधारशीं जोडलेल्या बँकखात्यांत रक्कम. गुणपत्रकावर एक नांव, आधारावर दुसरें स्पेलिंग आणि बँकेंत तिसरें, एवढ्यानेंही ही सांखळी तुटते. वसतिगृहाच्या निवडीची यादी प्रवेशानंतर लागते. म्हणजे कागदाचें पंचांग जुलैत उघडतें आणि त्याचा शेवट पुष्कळदां दिवाळीनंतर होतो. पोटाचें पंचांग मात्र रोजचें आहे. खानावळवाल्याला पैसे महिन्याच्या आरंभीं हवे असतात. खोलीचा मालक अनामत मागतो. खोली नको, केवळ खाटेपुरती जागा हवी, असें म्हटलें तरी मागतो. पुस्तकांचें एक वेळ वाचनालयांत भागतें, भाकरीचें भागत नाहीं.

या दोन पंचांगांमधील अंतर हीच महाविद्यालयीन विद्यार्थ्याची खरी अडचण होय. मदत मंजूर असते, परंतु ती पोंचेपर्यंत तग धरण्याचें सामर्थ्य ज्याच्यापाशीं असतें त्यालाच ती मिळते. म्हणून मुलगा एक वेळचा डबा बंद करतो, रात्रीं दुकानांत किंवा उपाहारगृहांत काम धरतो, सकाळच्या तासाला पेंगतो, हजेरी कमी भरते; आणि हजेरी कमी म्हणून सवलतही धोक्यांत येते. गांवीं बाप सावकाराच्या दारीं जातो. मुलगी असेल तर घरचीं माणसें, ‘राहण्याची सोय होत नाहीं, तर परत ये,’ असें म्हणून मोकळीं होतात.

हा प्रश्न आजचा नव्हे. पूर्वीं पुण्यास शिकावयास आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवत असे. सात वारांचीं सात घरें ठरलेलीं असत; वार मिळाले नाहींत तर माधुकरीची झोळी घ्यावी लागे. त्यांत मानहानि होती आणि उपासही होते. परंतु तेवढेंही दार इतर जातींच्या मुलांना उघडें नव्हतें. ही उणीव ओळखून राजर्षि शाहू महाराजांनीं कोल्हापुरास वसतिगृहांची परंपरा निर्माण केली. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें आणि पुढील कांहीं वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत व अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांसाठींही बोर्डिंगें उभीं राहिलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठीं वसतिगृह काढलें. त्या मुलांच्या जेवणासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अखेर गळ्यांतील मंगळसूत्रही दिलें. १९२५ सालीं डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें सोलापुरांत वसतिगृह उघडलें. पुण्यांत १९५५ सालीं अच्युतराव आपटे यांनीं विद्यार्थी सहाय्यक समिति सुरू केली.

या सर्व थोर माणसांनीं एक साधी गोष्ट जाणली होती. मुलाला आधीं छप्पर आणि ताट द्यावें; शिक्षणाचा बाकीचा व्यवहार त्यानंतर सुरळीत चालतो. आजच्या व्यवस्थेंत हा क्रम उलट झाला आहे. आधीं कागद, मग मंजुरी आणि सर्वांच्या शेवटीं ताट.

कचेरीचा उशीर केवळ प्रवेशापुरता राहत नाहीं. महाराष्ट्राच्या २०१६ सालच्या विद्यापीठ कायद्याप्रमाणें परीक्षेचा निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, लागला पाहिजे. असें असतां २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची नवी पद्धति पुरेशा तयारीवांचून सर्वत्र लागू केली, आणि अनेक निकाल महिनोगणती रखडले. गुणपत्रकावांचून पुढील प्रवेश अडले, परदेशीं जाणाऱ्यांचे बेत अडले, नोकऱ्या अडल्या. त्या वेळीं शहरांतील सुस्थित घरांनाही कळलें कीं एका कागदाच्या उशिरानें तरुणाचें वर्ष कसें टांगणीस लागतें. खेड्यांतून आलेल्या मुलाला हा अनुभव दर पावसाळ्यांत येतो.

विद्यार्थ्याच्या बाजूनें कांहीं नियम आहेत. ते त्याला माहीत असावेत. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं स्पष्ट केलें आहे कीं महाविद्यालयानें मूळ प्रमाणपत्रें तपासून विद्यार्थ्याला परत द्यावीत, अडकवून ठेवूं नयेत. आयोगाच्या २०२३ सालच्या विनियमांप्रमाणें प्रत्येक संस्थेंत विद्यार्थी तक्रार निवारण समिति असली पाहिजे. तिनें पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा आणि तिच्या निर्णयानें समाधान न झाल्यास लोकपालाकडे अपील करतां यावें, अशी त्यांत तरतूद आहे. वसतिगृहांतील छळास, म्हणजे रॅगिंगला, महाराष्ट्रांत १९९९ सालच्या कायद्यानें दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु नव्या शहरांत एकटा आलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा लेखी तक्रार करण्यास धजत नाहीं. तोंडी उत्तर मिळालें कीं तो मुकाट्यानें परततो. तक्रार लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर पोंच घ्यावी व तारीख टाकून घ्यावी, एवढें जरी त्याला कोणीं शिकविलें तरी निम्मी कामें मार्गी लागतील.

महाविद्यालयांनाही थोडक्यांत पुष्कळ करतां येईल. लागणाऱ्या सर्व कागदांची एकच छापील यादी प्रवेशापूर्वीं द्यावी. अर्जांत चूक असल्यास ती काय आहे हें एकदांच व लेखी कळवावें. शिष्यवृत्ति येईपर्यंत खानावळीचा खर्च भागविणारा एक उसनवार निधि ठेवावा व रक्कम आल्यावर ती त्यांतून वळती करावी. जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून असा निधि सहज उभा राहण्यासारखा आहे.

शेवटीं शहरांतील घरांचें कर्तव्य. आतां कोणी वार लावून जेवावयास येत नाहीं, आणि येऊंही नये. साहाय्य हा विद्यार्थ्याचा हक्क झाला आहे. परंतु ज्यांच्या घरीं भाड्याची खोली आहे त्यांच्या हातीं एक लहानशी किल्ली आहे. स्वाधारासारख्या योजनेंत राहण्याचा पुरावा म्हणून भाड्याचा करारनामा मागितला जातो. कांहीं मालक कराची किंवा कोर्टकचेरीची धास्ती बाळगून तो लिहून देत नाहींत, आणि तेवढ्यासाठीं त्या मुलाची वर्षाची मदत बुडते. करारनामा लिहून द्यावा, अनामत दोन-तीन हप्त्यांनीं घ्यावी, आणि पहिल्या महिन्याचें भाडें थोडें थांबून घ्यावें. यांत उपकार कोणताच नाहीं व तोटाही फारसा नाहीं. पण दिवाळीच्या सुटींत तो मुलगा पिशवी घेऊन गांवीं निघेल, तेव्हां खोलीची किल्ली परत करून जाणार नाहीं. ती खिशांतच ठेवून जाईल.