कासव आणि व्हेल शार्क : जाळं कापावं लागलं तर?

मैत्रिणींनो, किनाऱ्यावरच्या गावांत जाळं घ्यायला बरेचदा गटाचंच कर्ज काढलं जातं. त्या जाळ्यात मासळीऐवजी कासव किंवा व्हेल शार्क आला तर काय करायचं, हे आपल्यालाही माहीत हवं.

दोघांत फरक किती! ऑलिव्ह रिडले कासव दोन-सव्वादोन फुटांचं. मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. व्हेल शार्क म्हणजे जगातला सर्वांत मोठा मासा, चाळीस फुटांपर्यंत वाढणारा. नावात व्हेल असलं तरी ही मुशीची जात. एवढा मोठा, पण खातो बारीक जीव आणि छोटी मासळी. माणसाच्या वाटेला जात नाही. पिल्लं पोटात वाढवतो, पण वयात यायलाच त्याला पंचवीस-तीस वर्षं लागतात. म्हणून एक मेला की ती जागा लवकर भरत नाही.

जागतिक यादीत कासव ‘असुरक्षित’ आहे. व्हेल शार्क त्याच्या एक पायरी पुढे, ‘संकटग्रस्त’. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर पूर्वी तेलासाठी आणि मांसासाठी त्याची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये कायद्याने ती बंद झाली. आज दोघंही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मारणं, विकणं, कासवाची अंडी उचलणं, सगळा गुन्हा.

कासव फुप्फुसाने श्वास घेतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ते गुदमरतं. निपचित पडलेलं कासव लगेच पाण्यात टाकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा, अंगावर ओलं फडकं घाला. हालचाल करू लागलं की सोडा. व्हेल शार्क मात्र होडीत ओढायचा नाही. पाण्यातच जाळं कापून मोकळा करायचा.

मग जाळ्याचं नुकसान? संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये आणली. त्यासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागतो. तेव्हा होडीवर मोबाइल चार्ज करून न्यायला घरी सांगा. अर्जाची माहिती मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये २००२ पासून अंडी राखली जातात. पिल्लं बघायला येणारे पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवतात, आणि चार पैसे गावात येतात.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय नक्की घ्या.