उद्यानातील जुने नाणे कोणाचे? धातुशोधक यंत्राचा छंद, इतिहास आणि कायदा

बेंगळुरू : हातात लांब दांड्याचे यंत्र, कानाला हेडफोन आणि नजर जमिनीवर. धातुशोधक यंत्राच्या साहाय्याने जुनी नाणी शोधण्याचा हा छंद युरोपात अनेक दशके रुजलेला आहे. समाजमाध्यमांवरील चित्रफिती आणि ऑनलाइन बाजारात सहज मिळणारी यंत्रे यांमुळे त्याचे आकर्षण भारतातही पोहोचले आहे. मात्र यंत्र विकत घेतले म्हणजे जमीन खोदण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. सार्वजनिक उद्यानात सापडलेले नाणे परस्पर खिशात घालणे हा गुन्हा ठरू शकतो. त्याहून मोठे नुकसान इतिहासाचे होते आणि ते भरून काढता येत नाही.

बेंगळुरूच्या मातीविषयी कुतूहल वाटावे, अशी कारणे आहेत. १८९१ मध्ये शहरालगतच्या यशवंतपूर येथे रोमन सम्राटांची दीडशेहून अधिक चांदीची नाणी सापडली. १९६५ मध्ये एचएएल विमानतळाच्या परिसरात तशाच नाण्यांचा दुसरा साठा मिळाला. ऑगस्टस, टायबेरियस आणि क्लॉडियस या सम्राटांच्या मुद्रा असलेली ही नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकातील सागरी व्यापाराची साक्ष देतात. भारतीय मालापायी रोमची संपत्ती पूर्वेकडे वाहून जाते, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनी याने त्याच शतकात केली होती. ती संपत्ती दख्खनच्या पठारावर किती आतपर्यंत पोहोचली, हे या नाण्यांमुळे कळते.

त्यानंतरच्या काळाचे थरही येथे कमी नाहीत. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसवलेले हे शहर १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी यांच्यानंतर मोगल आणि पुढे म्हैसूरचे वडियार यांच्याकडे त्याचा ताबा गेला. हैदरअली व टिपू यांची राजवट, १७९१ चा इंग्रजांचा वेढा, १८०९ मध्ये वसलेली लष्करी छावणी अशी स्थित्यंतरे या भूमीने पाहिली. होन, फणम, हत्तीचे चित्र असलेला टिपूचा तांब्याचा पैसा आणि कंपनी सरकारची नाणी असे विविध चलन या टापूत वापरात होते.

यंत्र नेमके काय करते?

धातुशोधक यंत्राच्या टोकाशी असलेल्या चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांपैकी एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो आणि त्यामुळे जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. वाटेत धातू असल्यास त्यात सूक्ष्म भोवरी प्रवाह उठतात. त्यांचे क्षीण चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र आवाज देते. मूळ आणि परतलेल्या संकेतांमधील फरकावरून धातू लोखंड आहे की तांबे-चांदीसारखा, याचा अंदाज बांधता येतो.

हे तत्त्व नवे नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच उपकरण वापरले होते. तो प्रयत्न फसला. पलंगातील धातूच्या तारांनी संकेतात गोंधळ केला, हे त्यामागील एक कारण सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी भूसुरुंग शोधण्यासाठी हातात धरण्याजोगे यंत्र विकसित केले. आजच्या छंदी यंत्रांचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे.

यंत्राला मर्यादाही आहेत. एकटे नाणे साधारणपणे २० ते २५ सेंटिमीटर खोलीपर्यंतच जाणवते. लोहयुक्त तांबड्या मातीत चुकीचे संकेत वाढतात. उद्यानात तर बाटल्यांची झाकणे, खिळे आणि तारांचे तुकडे यांचीच गर्दी असते. अनेक ठिकाणी वरची माती बाहेरून आणलेल्या भरावाची असते. त्यामुळे हाती येणारे नाणे त्याच जागी पडलेले असेल, याची खात्री नसते.

कायदा काय सांगतो?

जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तूंसाठी देशात १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे. १० रुपयांपेक्षा अधिक मूल्याची अशी वस्तू सापडल्यास ती कोठे आणि कधी सापडली, याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे त्यानुसार बंधनकारक आहे. माहिती दडवल्यास एक वर्षापर्यंतचा कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, शिवाय शोधणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो. शंभर वर्षांपूर्वी दडवलेल्या निधीला कोणी मालक नसल्याचे चौकशीत ठरले, तर शोधणाऱ्याला त्यात वाटा मिळण्याची तरतूद आहे. सरकारला तो निधी संपादित करायचा असेल, तर धातूच्या किमतीवर तिचा एकपंचमांश अधिक देऊन तो घेता येतो. कर्नाटकात या विषयासाठी १९६२ चा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. तेथेही सापडलेल्या वस्तूची माहिती प्रशासनाला देणे हेच शोधणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

उद्यानांचा प्रश्न याहून स्पष्ट आहे. कब्बन पार्क आणि लालबाग या उद्यानांना १९७५ च्या कर्नाटक सरकारी उद्याने संरक्षण कायद्याचे कवच आहे. वस्त्यांमधील उद्याने आणि मोकळ्या जागांसाठी १९८५ चा वेगळा कायदा आहे. ही जमीन खासगी नाही. परवानगीवाचून तेथे कुदळ किंवा खुरपे चालवण्याचा हक्क कोणालाही नाही. बेंगळुरूचा किल्ला आणि टिपू सुलतानाचा राजवाडा यांसारख्या केंद्र-संरक्षित वास्तूंच्या आवारात आणि भोवतीच्या १०० मीटरच्या प्रतिबंधित क्षेत्रात निर्बंध अधिकच कडक आहेत.

नाणे घरी आणल्यानंतरही कायदा संपत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे ‘पुरावस्तू’ ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

जागा का महत्त्वाची?

केवळ एका नाण्याची माहिती पुस्तकातही मिळते. ते कोणत्या थरात, कोणत्या भांड्यात आणि कोणत्या नाण्यांच्या सोबतीने होते, ही माहिती मात्र एकदाच उपलब्ध असते. खड्डा खणला की ती नाहीशी होते.

याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नाणी क्षत्रप राजा नहपान याची होती, पण त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला होता. क्षहरात वंशाच्या उच्छेदाचा नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखात असलेला उल्लेख या नाण्यांनी ठोस पुराव्यानिशी पक्का केला. हाच साठा शंभर घरांत विखुरला असता, तर प्रत्येकाच्या हाती एक विचित्र दुहेरी छापाचे नाणे उरले असते आणि महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातील एक महत्त्वाचा दुवा निसटला असता.

ब्रिटनमधील अनुभवही हेच सांगतो. १९९२ मध्ये हॉक्सन गावी एरिक लॉस हे मित्राचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधत असताना त्यांना रोमन सोन्या-चांदीचा साठा आढळला. सगळा उकरून काढण्याऐवजी त्यांनी वेळीच खबर दिली. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना उरलेला साठा त्याच्या मूळ रचनेत नोंदवता आला. त्यानंतर १९९६ मध्ये नवा निधी कायदा आणि १९९७ मध्ये छंदी शोधकांच्या शोधांची नोंद करणारी योजना तेथे आली. भारतात अशी योजना नाही. त्यामुळे परदेशी चित्रफिती पाहून येथे तसेच करणे धोक्याचे ठरते.

गुप्तधनाच्या लोभाची आपल्याकडील बाजू आणखी काळी आहे. त्यापायी होणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षापात्र ठरवले आहे.

अवचित नाणे सापडले तर?

घराचा पाया खणताना, शेत नांगरताना किंवा पावसाने माती वाहून गेल्यावर नाणे दिसले, तर पुढचे खोदकाम थांबवावे. जागेचे छायाचित्र घ्यावे. मडके दिसल्यास ते हलवू नये. नाणे चिंच-मीठ, आम्ल किंवा राखेने घासू नये. पृष्ठभागावरील थर गेला की अक्षरेही पुसट होतात. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालय अथवा राज्य पुरातत्त्व विभागाला लेखी कळवून पोच घ्यावी. प्रामाणिक शोधकाचे हित त्या पोचपावतीतच सुरक्षित असते.

ज्यांना केवळ जिज्ञासा आहे, त्यांच्यासाठी खोदण्यावाचूनही वाटा आहेत. कब्बन पार्कला लागूनच १८६५ मध्ये स्थापन झालेले सरकारी संग्रहालय आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. बेंगळुरूतील मिथिक सोसायटीने शहर परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय जतन हाती घेतले आहे. रस्त्याकडेला किंवा नाल्याच्या काठी दुर्लक्षित पडलेले शिलालेख अशा कामातून उजेडात येतात. त्यासाठी मातीत एकही खड्डा करावा लागत नाही.