मातीचा हिशेब

आपल्या भाषेने मातीवर मोठा अन्याय केला आहे. नापास झालेल्या मुलाच्या वर्षाची 'माती होते', बुडालेल्या धंद्यातला पैसा 'मातीत जातो', आणि अडलेल्या माणसाचे घर 'मातीमोल' विकले जाते. मराठीचा प्राध्यापक म्हणून मीही हे वाक्प्रचार वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. आज त्याचे थोडे प्रायश्चित्त घ्यावे, म्हणून हा लेख.

लेखाचे टिपण काढीत बसलो होतो, तेव्हा चहाचा कप ठेवता ठेवता सौभाग्यवतींनी कागदावर नजर टाकली.

“अहो, दिवाळीच्या अंकात डुकरं?”

“डुकरं निमित्ताला. लेख मातीवर आहे.”

“माणसं फराळाचं ताट समोर घेऊन वाचणार आहेत, एवढं ध्यानात असू द्या म्हणजे झालं!”

ते ध्यानात ठेवून सुरुवात घरापासूनच करतो.

कोकणातल्या आमच्या घरामागे मोरीचे पाणी एका लहानशा पाटाने अळवाच्या वाफ्यात जाई आणि तिथून केळींच्या बुंध्याशी. भांड्यांचे खरकटे पाणी, तांदळाचे धुवण, सारे त्यात. पण परसात कधी घाण वास आला नाही. मात्र आईचा एक नेम असे. चार-आठ दिवसांनी ती नारळाचे सोडण लावून एका बाजूचा पाट बंद करी आणि पाणी दुसऱ्या बाजूला वळवी. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाली, “अरे, मातीलाही उसंत नको का?” मला ती बायकी श्रद्धा वाटली. त्या एका वाक्यात केवढे शास्त्र होते, ते समजायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

माती घाण पाणी स्वच्छ करते, हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक होते. कसे करते, हे समजायला मात्र एकोणिसावे शतक उजाडले. इंग्लंडमध्ये जे. थॉमस वे या रसायनशास्त्रज्ञाने अमोनिया असलेली पाणी मातीच्या थरातून गाळून पाहिली. अमोनिया मातीने धरून ठेवला आणि पाणी तेवढे खाली उतरले. १८५० साली त्याने हे प्रसिद्ध केले. पुढे १८७७ मध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. मग अमोनिया नाहीसा होऊन खालच्या पाण्यात नायट्रेट उतरू लागले. निव्वळ रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी का सुरू झाली नाही? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तशी क्रिया थांबली. म्हणजे हे काम कोणी जिवंत कामगार करीत होते! ते म्हणजे मातीतले सूक्ष्म जंतू.

या कामगारांना हवा लागते. पाण्याने माती सतत तुडुंब राहिली, तर त्यांचा जीव गुदमरतो. म्हणून एडवर्ड फ्रँकलंडने १८७० च्या सुमारास सांडपाणी मातीवर थांबून थांबून सोडण्याची रीत सांगितली. पाणी द्यावे, मग माती कोरडी होऊन तिच्यात हवा शिरेपर्यंत वाट पाहावी. आईचे सोडण ते हेच!

आता डुकरांकडे वळू. फ्रान्सच्या वायव्य कोपऱ्यात ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. या एका प्रांतात फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरे आहेत. तिथल्या आधुनिक गोठ्यांत जमिनीला फटी ठेवलेल्या असतात, आणि मलमूत्र व धुण्याचे पाणी खालच्या टाकीत साठते. त्याचा जो रेंदा होतो, तो म्हणजे खरे तर उत्तम खत. पण डुकरे फार आणि शेते थोडी! पिकांना लागेल त्याहून अधिक खत जमिनीत गेले, की उरलेले नायट्रेट पावसाबरोबर विहिरींत, नद्यांत आणि शेवटी समुद्रात उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असा युरोपात दंडक आहे. ब्रिटनीतल्या नद्यांनी तो ओलांडला, म्हणून २००१ साली युरोपच्या न्यायालयाने फ्रान्सला दोषी ठरवले.

समुद्रानेही आपला निकाल दिला. नायट्रेटवर पोसलेले हिरवे शेवाळ उथळ किनाऱ्यांवर ढिगांनी साचू लागले. ते कुजले म्हणजे त्यातून विषारी वायू निघतो. जुलै २००९ मध्ये सँ-मिशेल-आँ-ग्रेव्ह येथील किनाऱ्यावर एक घोडा त्या शेवाळात रुतून मेला, आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. डुकरांचा गोठा कुठे, आणि समुद्रकाठचा घोडा कुठे!

या अरिष्टावर तोड म्हणून १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या कृषि-संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचे नाव 'सोलपूर'. फ्रेंचमध्ये 'सोल' म्हणजे जमीन. आपल्या सोलापूरचा याच्याशी संबंध नाही! एका गवताळ शेताखाली त्यांनी पाणी गोळा करणारे नळ घातले, आणि वर्षाकाठी हेक्टरी १००० घनमीटरपर्यंत रेंदा टप्प्याटप्प्याने त्यावर सोडला. म्हणजे दहा लाख लिटर! एकदम ओतला असता, तर शेतभर चार बोटांहून उंच थर झाला असता.

मातीने काय केले? कुजणारे सेंद्रिय द्रव्य जवळजवळ सगळे पचवले. फॉस्फरस जवळजवळ सगळा धरून ठेवला. पण नायट्रोजन मात्र नायट्रेट होऊन नळांत उतरला. ते पाणी मग हवा नसलेल्या जागी साठवून दुसऱ्या जातीच्या जंतूंच्या स्वाधीन करावे लागले. ते जंतू नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. त्यानंतरच ते पाणी इतर शेतांना देण्याजोगे झाले.

इथवर वाचून वाटेल, की प्रश्न सुटला. पण वाचकहो, खरी गोष्ट पुढेच आहे. डुकरे लवकर वाढावीत म्हणून त्यांच्या खाद्यात तांबे आणि जस्त घालीत. त्यातले बहुतेक रेंद्यात उतरते. जंतू ते खाऊ शकत नाहीत, त्याचा वायू होत नाही. सोलपूरच्या शेतात ते मातीच्या वरच्या थरात साचत गेले. फॉस्फरसही नाहीसा झाला नव्हता, जमाच झाला होता. पाणी निर्मळ झाले, पण काही घाण फक्त पाण्याच्या खात्यातून मातीच्या खात्यावर चढली. आणि मातीची वखार कितीही मोठी असली, तरी तिला भिंती आहेतच.

माती खोटे बोलत नाही. जे पचवता येते ते पचवते, जे येत नाही ते सांभाळून ठेवते, आणि अति झाले की परत करते. म्हणून ब्रिटनीचा धडा इतकाच, की आधी खाद्यातले तांबे-जस्त आणि गोठ्यांतली संख्या आवरावी, मग मातीला हाक मारावी.

आपल्याकडेही मातीला अशी हाक मारली गेली आहे. पवईच्या आय. आय. टी.मध्ये रसायन-अभियांत्रिकीचे प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी मुद्दाम तयार केलेल्या मातीच्या थरांतून, जंतू, गांडुळे आणि झाडे यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे तंत्र विकसित केले. त्यात पाणी थरांवर शिंपडतात आणि हवा आपोआप आत शिरते. मोरीच्या पाण्याचे ज्या शहराला ओझे झाले आहे, त्याला हा दिलासाच म्हणायचा.

लेख संपवून मी सौभाग्यवतींना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या, तांदळाचे धुवण घेऊन गॅलरीत आल्या. पहिल्या कुंडीवर हात थबकला.

“हिला काल दिलं होतं,” त्या म्हणाल्या, आणि धुवण त्यांनी पलीकडच्या तुळशीला घातले.